कॉलेजांच्या कॉम्प्युटर लॅब सांभाळणाऱ्या सगळ्यांना खुलं पत्र: एक मशीन बोलतं करा

नमस्कार सर, नमस्कार मॅडम,

तुम्ही लॅब इनचार्ज असाल, लॅब असिस्टंट असाल, किंवा कॉलेजात कुठलंही मशीन अडलं की ज्याला पहिली हाक जाते तो माणूस असाल, हे पत्र तुम्हालाच आहे. प्राचार्यांना नाही, विद्यापीठाला नाही आणि मंत्रालयाला तर नाहीच. कारण मी ज्याबद्दल लिहितेय, म्हणजे अंध विद्यार्थ्यांसाठी लॅबमधलं एक मशीन बोलतं करणं, त्याला ॲडमिन पासवर्ड लागतो, आणि तो आपल्याकडे असतो.

मी तुमच्यातलीच. तालुक्याच्या गावातल्या कॉलेजात चौदा वर्षं लॅब सांभाळतेय. तीस मशीन, एक प्रिंटर जो जूनमध्ये हमखास बंद पडतो, डेड स्टॉक रजिस्टर, यूपीएसच्या बॅटऱ्या, प्रॅक्टिकलच्या आदल्या दिवशीची धावपळ, हे सगळं तुम्हाला वेगळं सांगायला नको.

आमच्याकडे बीसीएच्या पहिल्या वर्षाला एक अंध मुलगी आली. पूर्ण अंध. दहावीपर्यंत अंधशाळेत शिकलेली, तिथेच कीबोर्ड शिकलेली, टायपिंगचा स्पीड माझ्यापेक्षा जास्त. पहिल्या प्रॅक्टिकलला ती मैत्रिणीचा दंड धरून आली आणि पर्समधून पेन ड्राइव्ह काढून म्हणाली, मॅडम याच्यात एनव्हीडीए आहे, स्क्रीन वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, पोर्टेबल, नुसतं लावू द्या, मी मशीनमध्ये काही बदलणार नाही. मी नाही म्हणाले. यूएसबी पोर्ट आम्ही व्हायरसमुळे बंद केलेले आणि इअरफोन लावायला पण बंदी, कारण मुलं गाणी ऐकतात. दोन्ही नियम मीच प्रिंट काढून, लॅमिनेट करून भिंतीवर लावलेले. ती काही बोलली नाही, ठीक आहे मॅडम म्हणाली आणि पेन ड्राइव्ह परत आत ठेवला.

त्यानंतर तीन आठवडे ती मैत्रिणीच्या शेजारी स्टूल घेऊन बसायची. मैत्रीण टाइप करायची, ही ऐकायची. बटणांचा आवाज ऐकायची म्हणजे. मधेच म्हणायची, अगं कंस बंद केलास का, आणि बहुतेक वेळा कंस खरंच राहिलेला असायचा. मी हे बघत होते आणि तरी मला वाटत होतं की आपण नियमाने वागतोय.

माझे डोळे उघडले ते इंटर्नल प्रॅक्टिकलला. तिला लेखनिक दिला होता, अकरावी आर्ट्सचा मुलगा, नियमाप्रमाणे खालच्या वर्गातला. चांगला मुलगा होता, मन लावून करत होता, पण त्याने जन्मात प्रोग्रॅम पाहिलेला नव्हता. ती म्हणाली "फॉर, कंस, आय इज इक्वल टू झिरो, सेमिकोलन", आणि त्याने फोर म्हणून चारचा आकडा टाइप केला, आयच्या जागी ई वाय ई लिहिलं, इज इक्वल टू अक्षरात लिहिलं. ती पुन्हा पहिल्यापासून एकेक अक्षर सांगायला लागली, एफ, ओ, आर, आता स्पेस, आता गोल कंस, शिफ्ट दाबून नऊ. दहा ओळींच्या प्रोग्रॅमला पन्नास मिनिटं गेली आणि शेवटी एरर आला तेव्हा तो नक्की कुठल्या ओळीत आहे हे दोघांनाही कळेना. तिला लॉजिक येत होतं. तिला कीबोर्ड येत होता. आम्ही दोन्ही गोष्टी तिच्याकडून काढून घेतल्या आणि वर तिला सवलत दिली असं कागदावर लिहिलं.

त्या शनिवारी दुपारी लॅब बंद झाल्यावर मी तिला थांबवून घेतलं. शिपाई मामांना सांगितलं किल्ली माझ्याकडे राहू द्या.

आता जे केलं ते सविस्तर सांगते, कारण हीच माहिती मला कोणी आधी दिली असती तर तिचे ते आठवडे वाया गेले नसते.

आमच्या लॅबमध्ये सहा जुनी मशीन आहेत ज्यांच्यावर विंडोज आता रांगतं, म्हणून आम्ही त्यांच्यावर उबुंटू, म्हणजे फुकटचं लिनक्स, टाकलंय. तिला कोणा सीनियरकडून ईमॅक्सस्पीकबद्दल कळलेलं आणि ते वापरून बघायची तिची फार इच्छा होती. ईमॅक्स तुम्हाला माहीत असेल, जुना एडिटर, रिचर्ड स्टॉलमन यांचा, ग्नू ईमॅक्स १९८५ पासून आहे. ईमॅक्सस्पीक म्हणजे त्याच ईमॅक्सला वाचा देणारं सॉफ्टवेअर. आधी आवाज काढणारं इंजिन लागतं, ते ईस्पीक-एनजी, फुकट आहे, मराठीसकट बऱ्याच भाषा बोलतं. मग पॅकेज मॅनेजरमधून ईमॅक्स, गिट, टीसीएल-एक्स, ईस्पीकची डेव्हलपमेंट लायब्ररी आणि नेहमीचं कंपायलरचं सामान टाकायचं. टीसीएल ही एक प्रोग्रॅमिंगची भाषा, ती कशाला, तर ईमॅक्स आणि आवाजाचं इंजिन यांच्या मध्ये एक स्पीच सर्व्हर बसतो आणि तो टीसीएलमध्ये लिहिलेला आहे. ईमॅक्स त्याला मजकूर देतो, तो इंजिनला बोलायला लावतो. मग गिटवरून ईमॅक्सस्पीकचा सोर्स उतरवायचा, त्या फोल्डरमध्ये मेक कॉन्फिग, मग मेक, मग मेक ईस्पीक, या कमांड द्यायच्या. शेवटी त्या मुलीच्या लॉगिनमधल्या डॉट-ईमॅक्स फाईलमध्ये दोन ओळी: पहिल्या ओळीत डीटीके प्रोग्रॅम नावाच्या व्हेरिएबलला ईस्पीक ही किंमत द्यायची आणि दुसऱ्या ओळीत ईमॅक्सस्पीकची सेटअप फाईल लोड करायची. क्रम हाच ठेवा, उलटा केला तर ते दुसरंच इंजिन शोधत बसू शकतं. हे डीटीके म्हणजे डेकटॉक, जुन्या काळी आवाजासाठी कॉम्प्युटरला वेगळा डबा जोडावा लागायचा त्या डब्याचं नाव, ते अजून टिकून आहे. आणि एक, नवीन ईमॅक्सस्पीकला ईमॅक्स पण नवीन लागतो, तुमचं उबुंटू फार जुनं असेल तर त्या काळातली ईमॅक्सस्पीकची आवृत्ती घ्या, नाहीतर मेकच्या वेळी लाल एररची रांग लागेल आणि तुम्ही वैतागून सोडून द्याल.

हे सगळं पाऊण तासात झालं, त्यातला अर्धा वेळ आमच्या नेटचा. खरा वेळ गेला तो वेगळ्याच ठिकाणी. इअरफोन लावला, ईस्पीकला हॅलो म्हणायला सांगितलं, आवाज नाही. व्हॉल्यूम बघितला, म्यूट बघितलं, सेटिंगमध्ये आऊटपुट बदलून बघितलं, रीस्टार्ट केलं. ती शांतपणे बाजूला बसलेली. शेवटी तिने हाताने कॅबिनेट चाचपलं आणि म्हणाली मॅडम मागच्या बाजूला पण एक भोक असतं ना, तिथे लावून बघू. मागे लावलं आणि आवाज आला. मग मी कॅबिनेट उघडलं तर पुढच्या ऑडिओ जॅकची वायर मदरबोर्डला जोडलेलीच नव्हती, असेंबल करणाऱ्याने तशीच गुंडाळून आत टेप मारून ठेवलेली. मशीन घेऊन सहा वर्षं झालेली आणि सहा वर्षांत कोणाच्या लक्षात आलं नाही कारण इअरफोनला बंदी! सोमवारी मी तीसही मशीन तपासली. अकरांचा पुढचा जॅक मेलेला होता.

पण त्या शनिवारचं सांगते. ईमॅक्स सुरू केला तेव्हा त्याने आधी स्वतःचं नाव सांगितलं, मग ती खुर्ची पुढे ओढून बसली आणि तिने पहिली गोष्ट काय केली तर स्पीड वाढवला. कंट्रोल-ई, मग डी, मग एक आकडा, जितका मोठा आकडा तितका वेग जास्त. इतका वाढवला की मला ते बोलणं आहे हेच कळेना, नुसती घरघर. तिला सगळं कळत होतं. ईस्पीकचा आवाज यंत्रासारखा आहे, आपल्याला तो ऐकवत नाही, पण वेग वाढवला तरी त्याची अक्षरं फुटत नाहीत आणि माणसासारखे गोड आवाज त्या वेगात लगदा होतात, म्हणून तिला हाच आवडतो. तेव्हा कृपया आपल्या कानाने ठरवून छान आवाज शोधत बसू नका, वापरणाऱ्याला विचारा.

मग तिने तोच प्रोग्रॅम लिहिला जो प्रॅक्टिकलला राहिला होता. अक्षर दाबलं की अक्षर ऐकू येतं, ओळ पूर्ण झाली की कंट्रोल-ई एल दाबून सगळी ओळ ऐकायची. विरामचिन्हं पूर्ण बोलायची सेटिंग चालू, म्हणजे प्रत्येक कंस, प्रत्येक सेमिकोलन, प्रत्येक अवतरणचिन्ह. ओळ किती स्पेस आत सरकलीय तेही कळायची सोय आहे, कंट्रोल-ई डी आय. मी तिला मुद्दाम न सांगता एका ओळीतला सेमिकोलन काढला, कंपाइलची कमांड दिली, तिने पुढच्या एररवर जायचं बटण दाबलं, कर्सर त्या जागी गेला आणि ओळ बोलली. तिने ती दोनदा ऐकली, एक ओळ वर गेली आणि सेमिकोलन टाकला. वीस सेकंद लागले असतील. मग माझ्याकडे मान वळवून म्हणाली, "मॅडम, हे तुम्ही काढलं होतं ना?"

एक गोष्ट समजून घ्या, मला समजायला वेळ लागला. स्क्रीन रीडर आणि बोलणारा एडिटर यांच्यात फरक आहे. स्क्रीन रीडर बाहेर उभा राहून स्क्रीनवर जे दिसतं ते वाचतो. ईमॅक्सस्पीक एडिटरच्या आत बसलेलं असतं, त्याला माहीत असतं की हा शब्द कॉमेंटमधला आहे, हा स्ट्रिंगमधला, हे फंक्शनचं नाव. आपल्याला कॉमेंट वेगळ्या रंगात दिसते, तिला ती वेगळ्या आवाजात ऐकू येते. फाईल सेव्ह झाली की छोटासा एक आवाज, उघडली की दुसरा, एवढंच, उगाच पूर्ण वाक्य बोलत बसत नाही. कॅलेंडरचं उदाहरण तर फार छान आहे. कॅलेंडर नुसतं स्क्रीनवरून वाचलं तर एक दोन तीन चार पाच असे आकडे सलग ऐकू येतात, त्यातून मंगळवार कुठला हे बोटावर मोजावं लागेल. ईमॅक्सस्पीक मात्र कर्सर ज्या तारखेवर आहे तिचा वार, महिना, वर्ष सगळं सांगतं, कारण त्याला आकडा नाही, तारीख दिसते.

ही कल्पना ज्यांची, ते टी. व्ही. रामन आपल्या पुण्याचे आहेत हे मला त्या मुलीनेच सांगितलं. पुण्यात जन्म, १९६५ चा. काचबिंदूमुळे चौदाव्या वर्षी पूर्ण दृष्टी गेली. नौरोसजी वाडिया कॉलेजात गणितात बी.ए., मग आयआयटी मुंबईत कॉम्प्युटर सायन्स. तिथे शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट काय केला माहितीय, आलेख कानाने ऐकता येईल असा प्रोग्रॅम, म्हणजे वक्ररेषा वर चढली खाली उतरली हे आवाजातून कळायचं. मग अमेरिकेत कॉर्नेलला १९९४ मध्ये पीएचडी, विषय गणिताचा मजकूर कॉम्प्युटरने नीट बोलून कसा दाखवायचा, त्या सिस्टिमचं नाव एस्टर, त्यांच्या वाट दाखवणाऱ्या कुत्र्याचं नाव पण एस्टर. आणि एप्रिल १९९५ मध्ये ईमॅक्सस्पीक लोकांसाठी खुलं केलं. स्वतःला काम करायला लागत होतं म्हणून बनवलं आणि सगळ्यांना फुकट दिलं. १९९९ मध्ये वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियनने ते आपल्या संग्रहात घेतलं. वाडिया कॉलेजातून निघालेल्या माणसाचं काम तिथल्या राष्ट्रीय संग्रहालयात पोचतं आणि आपल्या लॅबमध्ये ते एकाही मशीनवर नसतं, याचं मला मनापासून वाईट वाटतं, आणि त्या "आपल्या"त मी पण आहे.

आता तुम्ही म्हणाल आमच्याकडे लिनक्स नाही, सगळं विंडोज. ठीक आहे. माझं असं अजिबात म्हणणं नाही की प्रत्येक अंध मुलाने ईमॅक्सच शिकावा. ते शिकायला अवघड आहे, बटणांच्या जोड्या पाठ करायला महिना दोन महिने जातात, आणि कितीतरी अंध प्रोग्रॅमर विंडोजवर एनव्हीडीए आणि नोटपॅड प्लस प्लस किंवा व्हीएस कोड वापरून व्यवस्थित नोकऱ्या करतात. एनव्हीडीए पण फुकट आहे, २००६ मध्ये ऑस्ट्रेलियात मायकल करन या अंध तरुणाने सुरू केलेलं. तेवढं टाकलंत तरी माझं पत्र कारणी लागलं. फक्त टाकताना या गोष्टी बघा.

पेन ड्राइव्हवर पोर्टेबल चालवण्यापेक्षा मशीनवर इन्स्टॉल करा आणि लॉगिन स्क्रीनवरही बोलेल अशी टिक मारा, नाहीतर पासवर्ड टाकायला रोज कोणालातरी हाक मारावी लागते. कंट्रोल ऑल्ट एन दाबलं की ते सुरू होतं, ते बटण चालतंय का बघा. डॉक्युमेंट फॉरमॅटिंगच्या सेटिंगमध्ये ओळीचं इंडेंटेशन सांगायची सोय बंद असते ती चालू करा, बोलून किंवा सुरांनी, सूर घेतले तर जितकी ओळ आत तितका सूर चढा, पायथॉन शिकणाऱ्याला याच्याशिवाय पर्याय नाही कारण तिथे स्पेस चुकली की प्रोग्रॅम चुकला. विरामचिन्हांसाठी एनव्हीडीए बटण आणि पी, "ऑल" येईपर्यंत. एनव्हीडीए बटण म्हणजे इन्सर्ट, तेव्हा ज्या कीबोर्डचं इन्सर्ट उखडलंय तो त्या मशीनला देऊ नका, आणि एफ आणि जे वरचे उंचवटे झिजलेला तर अजिबात नको, तिची बोटं तिथूनच घर शोधतात. लॅबमध्ये रीस्टार्टला सगळं पुसून पूर्ववत करणारं सॉफ्टवेअर असेल तर आधी ते तात्पुरतं थांबवा, मग इन्स्टॉल करा, मग ते पुन्हा चालू करा. मी हे विसरले होते आणि सोमवारी सकाळी मशीन पुन्हा मुकं.

शिकवणाऱ्या सरांना सांगा की एनव्हीडीएच्या टूल्समध्ये स्पीच व्ह्यूअर आहे. ते उघडलं की जे बोललं जातंय ते खिडकीत लिहून येतं. म्हणजे त्या घरघरीत तिने काय ऐकलं हे सरांना वाचता येतं. आमच्या सरांची अर्धी भीती याने गेली. आणि "ते निळं बटण दाब", "वर उजवीकडे बघ" हे बोलणं बंद करून बटणांची नावं सांगायला लागले तर डोळस मुलांचाही स्पीड वाढतो, आमच्याकडे वाढलाय.

टर्बो सीबद्दल, म्हणजे सी भाषा शिकवायला आपण वापरतो त्या जुन्या डॉसच्या सॉफ्टवेअरबद्दल, मात्र मला जरा चिडून लिहावं लागणार आहे. किती वर्षं आपण ती निळी खिडकी धरून बसणार? ती आता डॉसबॉक्समध्ये, म्हणजे जुने डॉसचे प्रोग्रॅम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, चालते आणि डॉसबॉक्स म्हणजे स्क्रीन रीडरच्या दृष्टीने एक चित्र, एनव्हीडीए फक्त खिडकीचं नाव सांगतं आणि गप्प होतं. आत तुम्ही काय लिहिलंत, एरर काय आला, काही म्हणजे काही नाही. एका जुन्या सॉफ्टवेअरच्या सवयीमुळे अंध मूल सी प्रोग्रॅमिंगमधून बाहेर. उपाय काय, तर जीसीसी हा फुकटचा सी कंपायलर टाका आणि कुठल्याही बोलणाऱ्या एडिटरमध्ये लिहू द्या. कोनिओ हेडर आणि क्लियरस्क्रीन सोडून द्यावं लागेल, नाहीतरी ते जुन्या डॉसच्या काळातलं आहे. पायथॉनसोबत येणाऱ्या आयडल या एडिटरचंही तेच, त्याची खिडकी स्क्रीन रीडरला रिकामी सापडते. परीक्षेच्या पेपरात "टर्बो सी मध्येच" असं लिहिलंय का ते एकदा सिलॅबस उघडून बघा. आमच्यात नव्हतं. आम्हीच तसं धरून चाललो होतो.

खर्चाचं म्हणाल तर कोटेशन नाही, तीन पार्ट्या नाहीत, परचेस कमिटी नाही. ईमॅक्स, ईमॅक्सस्पीक, ईस्पीक-एनजी, एनव्हीडीए, एकालाही पैसे नाहीत. एक इअरफोन घेतला मी, दीडशे रुपयांचा, स्वतःच्या पैशाने, नंतर ऑफिसने पेटी कॅशमधून दिले.

परवानगीचं म्हणाल तर २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा बघा. सरकारी आणि अनुदानित कॉलेजात उच्च शिक्षणाच्या जागांपैकी पाच टक्के तरी दिव्यांगांसाठी राखीव ठेवायला तो सांगतो, म्हणजे ही मुलं येणार आहेत, यायलाच हवीत. परीक्षांसाठी तेव्हा केंद्राच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचना होत्या (आता कुठल्या लागू आहेत ते बघून घ्या), त्यात कॉम्प्युटरवर पेपर लिहायचा पर्याय होता, तासाला किमान वीस मिनिटं जादा वेळ होता, आणि आपल्या कामाची ओळ म्हणजे परीक्षार्थीला एक दिवस आधी येऊन मशीन तपासून बघू द्यायचं, म्हणजे काही अडचण असेल तर दुरुस्त करता येईल. ही ओळ मी प्राचार्यांच्या टेबलावर ठेवली, प्रिंट काढून. त्यांनी वाचली आणि विचारलं, मग आपण आत्तापर्यंत का नव्हतो देत? मला उत्तर देता आलं नाही. सेमिस्टरच्या प्रॅक्टिकलला ती आदल्या दिवशी आली, अर्धा तास बसली, व्हॉल्यूम आणि स्पीड लावून गेली, दुसऱ्या दिवशी तिने दोन्ही प्रोग्रॅम स्वतःच्या हाताने लिहिले आणि चालवले. लेखनिक मुलगा बाहेर बाकावर बसून राहिला, गरज पडली तर म्हणून. पडली नाही.

आमच्याकडे अंध विद्यार्थीच नाही मग कशाला, हे मला तीन कॉलेजांतल्या लोकांनी सांगितलं. मित्रांनो, तो नाही कारण ॲडमिशनच्या खिडकीवर त्याला सांगितलं जातं की बाळा कॉम्प्युटर तुला जमणार नाही, लॅबमध्ये सोय नाही, आर्ट्स घे. आणि ऑफिसवाले हे दुष्टपणाने बोलत नाहीत, ते लॅबला फोन करून विचारतात आणि आपण सांगतो की नाही, सोय नाही. त्या फोनला आपण दिलेल्या एका शब्दावर एखाद्याची पुढची सगळी वाट ठरते. मूल आल्यावर करू म्हणाल तर पहिलं सेमिस्टर त्याचं जातं, आमच्या मुलीचं अर्धं गेलं.

एक दिवस मी मॉनिटर बंद करून ईमॅक्सस्पीकवर बसले, तिने शेजारी बसून शिकवलं. पाच ओळींचा प्रोग्रॅम. तिसऱ्या ओळीत मला कळेना मी कुठे आहे, हात आपोआप मॉनिटरच्या बटणाकडे जायला लागला. ती म्हणाली मॅडम घाबरू नका, कंट्रोल-ई एल दाबा, ओळ ऐका, मग खाली जा. शाळेत तिला असं कोणी सांगितलं असेल तसंच तिने मला सांगितलं. चाळीस मिनिटांनी माझा प्रोग्रॅम चालला आणि इअरफोनमध्ये उत्तर ऐकू आलं तेव्हा मला काय वाटलं ते मी लिहू शकत नाही.

तर उद्या लॅब उघडलीत की एवढं करा. खिशात इअरफोन घेऊन जा. पहिल्या मशीनच्या पुढच्या जॅकला लावा आणि आवाज येतोय का बघा. येत नसेल तर कॅबिनेट उघडा, पुढून आलेली ऑडिओची वायर आणि तिचा छोटा चौकोनी प्लग शोधा, आमच्या बोर्डवर बारीक अक्षरात एफ-ऑडिओ लिहिलेलं होतं तिथे तो बसवा. मग शनिवारी दुपारी पाऊण तास काढा. दाराजवळचं मशीन निवडा, येण्याजाण्याची वाट मोकळी ठेवा आणि ते मशीन नंतर हलवू नका, काठीशिवाय पोचता आलं पाहिजे. इन्स्टॉल झाल्यावर ॲडमिशनच्या खिडकीवर जाऊन तिथल्या माणसाला स्वतः सांगा की सोय आहे.

आमच्याकडे ते मशीन नंबर चार आहे. भिंतीवरचा इअरफोन बंदीचा कागद मी काढला, त्याच खिळ्याला आता दीडशेवाला इअरफोन टांगलेला असतो.

तुमचीच,
एक लॅब असिस्टंट